दादरचे खजूर-अंजीर रोल: डबी जरूर घ्या, पाटीवर जाऊ नका

एप्रिलमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. चहातली साखर तेव्हाच सुटली. खरी धास्ती दिवाळीची होती. गिरगावात आमच्या मजल्यावर पाच बिऱ्हाडांतून फराळाची ताटं येतात आणि चार वाजले की माझा हात आपोआप डब्याकडे जातो. म्हणून दादर स्टेशनजवळच्या एका मिठाईवाल्याकडून खजूर-अंजीर रोल आणले. 250 ग्रॅमची डबी, 380 रुपये, सोळा नग.

चव उत्तम. बाहेरून भाजलेली खसखस, आत पिस्त्याचे जाड तुकडे, दाताखाली अंजिराच्या बिया. रोल चिवट आहे, पटकन गिळता येत नाही, चावत बसावं लागतं. शिवाय प्रत्येक नग वेगळ्या बटर पेपरात गुंडाळलेला. दुसरा हवा तर पुन्हा कागद सोडवायचा, आणि तेवढ्या वेळात मी डबी बंद करते. मला सगळ्यात उपयोगी पडला तो हा कागद.

डबीवर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलंय. ते खरं, पण खजूर स्वतःच गोड. शंभर ग्रॅममागे साधारण 65 ग्रॅम साखर त्याची स्वतःची. रोल काट्यावर 15 ग्रॅम भरला, म्हणजे सुकामेवा धरून साखर सात-आठ ग्रॅमच्या आत. माझा बेसनाचा लाडू 45 ग्रॅमचा. अर्धा किलो बेसन, 400 ग्रॅम पिठीसाखर आणि 300 ग्रॅम तूप हे माझं प्रमाण, म्हणजे एका लाडवात पंधरा ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी म्हणते. दोन लाडवांतच तीस!

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर अनशापोटी तेच दोन लाडू खाल्ले. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर 178. दुसऱ्या दिवशी वरण, भाजी, एक पोळी आणि शेवटी एक रोल, तर 139. अनशापोटीची आणि जेवणानंतरची तुलना सरळ होत नाही, मान्य. पण तेव्हापासून गोड जेवणाच्या शेवटीच घेते. चार वाजता फारच वाटलं तर अर्धा रोल आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. सहापर्यंत डब्याची आठवण येत नाही.

तक्रार त्याच दुकानाच्या ‘शुगर फ्री’ काजूकतलीबद्दल आहे. काचेवर ठळक पाटी: ‘मधुमेहींनी निर्धास्त खावी’. खोक्याच्या तळाशी, भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत लिहिलंय, माल्टिटॉल. हा साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ. साखर नव्हे, पण त्यानेही रक्तातली साखर थोडी चढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. पाटी वाचून भाऊबीजेला माझ्या दादाने सहा-सात वड्या खाल्ल्या आणि रात्रभर संडासच्या फेऱ्या घातल्या. दादा दहा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेतोय. त्याच्यासारख्या माणसाला ‘निर्धास्त’ म्हणणं मला अजिबात पटलं नाही.

तुळशीच्या लग्नाआधी रोलची दुसरी डबी आणायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, शेठना सांगतो म्हणाला. गेल्या शनिवारी पाहिलं, पाटी तिथेच आहे.