साडेआठ हजारांचा मायक्रोस्कोप: बीजाणू दिसतात, जात कळत नाही

मोहोळकडे आमची तुती आहे आणि बांधाला लागून मका. सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून हा दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप घेतला तो रेशमासाठी, पेब्रीनच्या धास्तीनं. हा रोग मादीच्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत उतरतो. म्हणून अंडी घातलेली मादी खलून तपासायची, ही पाश्चरच्या काळातली पद्धत आजही चालते.

काम होतं ते ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडकडच्या भिंगावर; डोळ्याकडचं १० चं धरून ४०० पटीत. पतंग पोटॅशियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणात खलायचा, थेंब स्लाइडवर घ्यायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि खालचा उजेड कमी करायचा. पेब्रीन करणाऱ्या नोसेमा या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू लांबट, चमकदार दिसतात, जेमतेम ३-४ मायक्रॉनचे. चरबीचे थेंबही चमकतात, पण ते गोल आणि लहानमोठे असतात. एवढा फरक हे भिंग स्वच्छ दाखवतं, पैसे तिथंच वसूल. तेल लावून वापरायचं १०० चं भिंग मात्र शोभेचं, कडेला सगळं धूसर. स्लाइड सरकवायचा स्क्रूही ढिला आहे. बॅटरी चांगली, लाईट गेली तरी अडत नाही.

मक्यावरची लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातही. कामगंध सापळ्यातले तिचे पतंग खलून पाहिले, तर तसलेच लांबट ठिपके. पुतण्या लगेच, "काका, नवीन जात! तुमचंच नाव द्या." अरे बाबा, या भिंगाखाली सगळे मायक्रोस्पोरिडिया, म्हणजे नोसेमाच्या गटातले परजीवी, एका आईची लेकरं दिसतात. जात ठरवायची तर बीजाणूच्या आत गुंडाळलेल्या नळीचे वेढे मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. वर रायबोसोमल आरएनएच्या जनुकाचा क्रम काढून माहीत असलेल्या जातींशी ताडून बघायचा. ते प्रयोगशाळेचं काम, साडेआठ हजारांत होत नाही. बाहेरच्या अळ्यांमधले असे परजीवी रेशीमकिड्यांतही शिरू शकतात, म्हणून मक्याकडच्या ओळींतला पाला मी आता चॉकीला, म्हणजे लहान रेशीम अळ्यांना, देत नाही. एवढा निर्णय घ्यायला ठिपके पुरतात.

घ्यायला जाल तर दुकानदार कांद्याची साल दाखवेल. ती कुठल्याही भिंगात छानच दिसते. बेकरीचं यीस्ट पाण्यात कालवून सोबत न्या आणि ४० वर दाखवा म्हणा. त्याच्या पेशी ५ मायक्रॉनच्या आसपास असतात. कडा रेखीव दिसल्या तरच पैसे काढा. कव्हरस्लिपची डबी फुकट मागा, मला मिळाली.