फेब्रुवारीत बर्फातले पक्षी बघायचेत: लेह की होक्काइडो?

वाधवाना आणि टिंबी ही बडोद्याजवळची पाणपक्ष्यांची तळी ज्यांना तोंडपाठ झालीत अशा आमच्या बडोद्यातल्या बऱ्याच जणांना आता खऱ्या बर्फात उभं राहून पक्षी बघायचेत, आणि सगळी चर्चा फिरून फिरून दोनच नावांवर येते, लेह नाहीतर जपानचं होक्काइडो. दोन्हीकडे फेब्रुवारी चांगला, दोन्हीकडे पहाटे पारा उणे दहाच्या खाली, पण बाकी जवळपास काहीच सारखं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी उंची. लेह ३५०० मीटरवर आहे, तिथे श्वासाला मिळणारा प्राणवायू आपल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, दुर्बीण बॅगेतच. हे दोन दिवस कापून कोणी प्लॅन बनवून देत असेल तर घेऊ नका. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका. होक्काइडोचा पूर्व किनारा समुद्रसपाटीला, गाडीतून उतरलं की समोर पक्षी, चढायचं काही नाही. आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर माझ्या मते प्रश्न इथेच संपला, होक्काइडो.

आता पक्षी. होक्काइडोला जायचं ते मुख्य दोन पक्ष्यांसाठी. एक लाल मुकुटाचा क्रौंच, जपानी लोक ज्याला तांचो म्हणतात. हा जपानमधून संपलाच असं धरलं होतं, मग १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत थोडेसे सापडले, १९५२ च्या कडक हिवाळ्यात गावकऱ्यांनी मका टाकायला सुरुवात केली आणि तेव्हा तीसेक असलेले क्रौंच आज हजाराच्या वर गेलेत. त्सुरुई गावाजवळच्या ओतोवा पुलावर पहाटे उभं राहायचं, खाली सेत्सुरी नदी गोठत नाही आणि क्रौंच रात्रभर त्याच पाण्यात उभे असतात, वरून धुकं, दोन्ही काठांच्या झाडांवर हिमाचा थर. ऊन आलं की ते शेतात येतात आणि जोडी नाचायला लागते, आधी मान खाली, मग पंख अर्धे उघडून उडी, मग दोघं चोच आभाळाकडे करून एकत्र ओरडतात आणि तेव्हा दोघांच्या तोंडातून वाफ निघताना साध्या डोळ्यांनी दिसते. आपल्या सारस क्रौंचाचा नाच खेडा जिल्ह्यातल्या शेतांत ज्यांनी बघितलाय त्यांना हा लगेच ओळखीचा वाटेल. एक गोष्ट माहीत असू दे, सगळे एकाच जागी जमले तर रोग पसरायची भीती म्हणून सरकार हल्ली दाणे कमी करत आणतंय, आणि मला ते बरोबर वाटतं, मग आपल्याला चार क्रौंच कमी दिसले तरी चालतील.

दुसरा स्टेलरचा सागरी गरुड. रशियातल्या कामचाटका आणि ओखोत्स्कच्या किनाऱ्यावर घरटी करतो, हिवाळ्यात खाली येतो, वजन नऊ किलोपर्यंत, पंख पसरले की सव्वादोन-अडीच मीटर, आणि ती पिवळी चोच लांबूनही नजरेत भरते. रौसू बंदरातून पहाटे बोटी निघतात, वाहत आलेल्या बर्फाच्या लाद्यांवर हे बसलेले असतात, सोबत पांढऱ्या शेपटीचे गरुड. बोटवाले मासे टाकतात म्हणून इतके जवळ येतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी किनाऱ्यावरून बघावेत, तिथूनही दिसतात. वारा सुटला की बोट रद्द, आणि बर्फही रोज असेलच असं नाही, म्हणून रौसूला दोन रात्री तरी ठेवा. उरलेल्या वेळात कुश्शारो तलाव, गरम झऱ्यांमुळे त्याचा काठ गोठत नाही आणि हूपर हंस तिथेच असतात.

लेहला असं काही समोर येऊन नाचत नाही, शोधावं लागतं. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेला हंसासारखा पक्षी) आणि काळ्या मानेचा क्रौंच बघायला जात असाल तर थांबा, क्रौंच हिवाळ्यात लडाख सोडून जातात आणि पट्टकादंब तेव्हा आपल्याच वाधवानाला असतात. तिथे बघायचा तो इबिसबिल, शे गावच्या बाजूला सिंधूच्या पात्रात. राखाडी गोट्यांमध्ये राखाडी पक्षी, तो हलला नाही तर समोर असून दिसत नाही, मग एकदम पोटापर्यंत पाण्यात उतरतो आणि वाकडी लाल चोच दगडाखाली घालून चाचपतो. शिवाय लेहबेरीच्या काटेरी झुडपांवर गुल्डनस्टाटचा रेडस्टार्ट, डोकं पांढरं, पोट विटकरी, नारिंगी फळं खाताना दहा मिनिटं एकाच फांदीवर मिळाला तर फोटोचं सार्थक. चकोर, स्नोकॉक (डोंगरातला मोठा रानकोंबडीसारखा पक्षी), लॅमरगायर (दाढीवालं गिधाड) हे धरून चाला, पण यादी लांब होणार नाही. हिवाळ्यात तिथले गाइड हिमबिबट्याच्या मागे असतात, त्यामुळे आम्हाला पक्षीच बघायचेत हे बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा.

खर्चात तुलनाच नाही. लेह म्हणजे राजधानीने दिल्ली, पुढे विमान, आणि होमस्टे. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात, नळ गोठतात, पाणी बादलीने मिळतं, खोलीत बुखारी, म्हणजे शेगडी, असते. विमान हवेमुळे रद्द होतं, परतीला एक दिवस हातात ठेवा, आणि बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. जपानला व्हिसा, टोकियोहून पुढे कुशिरोचं विमान, वर गाइड आणि गाडी, कारण बर्फावर गाडी आपण चालवू नये असं माझं मत. शाकाहारी लोकांनी भाखरवडी, चिवडा, थेपले भरपूर न्या, तिकडे साध्या सूपातही माशाचा अर्क असतो.

कॅमेऱ्याचं दोन्हीकडे सारखंच, जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, आणि गरम खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, नाहीतर काचेवर दव धरतं.

तब्येत ठणठणीत असेल आणि एका पक्ष्यासाठी तासभर गार दगडावर बसायची हौस असेल तर आधी लेहच करा, शोधून सापडलेल्या इबिसबिलचा आनंद मला क्रौंचांच्या थव्यापेक्षा मोठा वाटतो. घरच्यांना पक्ष्यांची फारशी गोडी नसेल आणि ती लागावी अशी इच्छा असेल तर होक्काइडो. त्सुरुई आणि रौसू लहान गावं आहेत, फेब्रुवारीत जगभरचे फोटोग्राफर येतात, तेव्हा तिथलं राहायचं दिवाळीच्या आत बुक करा. लेहचं उत्तरायण झाल्यावर ठरवलं तरी जमतं.