रात्री दहाला बंद होणारी दादरची अभ्यासिका

चोवीस तास उघड्या असलेल्या अभ्यासिकांचे मुंबईत कौतुक होते. दादर पश्चिमेची ही अभ्यासिका मात्र रात्री १० वाजता बंद होते आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. जेन्किन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्येच प्रयोगातून दाखवले होते की, निरर्थक अक्षरसमूह पाठ केल्यानंतर जागे राहण्याऐवजी झोप घेतली, तर ते कितीतरी अधिक आठवतात. गाढ झोपेत मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग दिवसा शिकलेल्या गोष्टींची उजळणी करतो, हे पुढील संशोधनातून स्पष्ट होत गेले. स्पर्धा परीक्षांची कलमे आणि सनावळ्या रात्रभर घोकणाऱ्या मुलांची मला म्हणूनच मनापासून काळजी वाटते.

खुर्च्या, उजेड आणि स्वच्छता चोख आहे. शुल्क थोडे अधिक वाटते.

खरी हरकत प्रवेशद्वाराजवळच्या टीव्हीला आहे, कारण तेथे संध्याकाळभर अपघात आणि गुन्ह्यांच्या बातम्या चालू असतात. भावना चाळवणारे दृश्य पाहताना उत्तेजनेच्या वेळी स्रवणारे रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढते, मेंदूतील भावनांशी निगडित भाग अमिग्डला सक्रिय होतो आणि ती आठवण पक्की होते. झोपेनंतरही असे दृश्य ठळक राहते, तर त्याभोवतीचे साधे तपशील पुसट होतात. राज्यघटनेच्या कलमांना असे भावनिक बळ नसते, त्यामुळे अभ्यासापेक्षा बातम्याच डोक्यात राहण्याची भीती वाटते. व्यवस्थापनाने तो संच तेथून हलवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तोवर पाचपैकी चार तारे.