स्ट्रीट ग्लाइडवर नवे स्पीकर आणि अ‍ॅम्प: वर्षभराच्या वापरानंतर

गाडी २०१५ ची, हार्ले-डेव्हिडसनची मोटारसायकल. फेअरिंगमधले (हँडलपुढच्या वारा अडवणाऱ्या आवरणातले) मूळ सव्वापाच इंची स्पीकर काढले, अडॅप्टर रिंग लावून साडेसहा इंची बसवले, सोबत क्लास डी अ‍ॅम्प, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अ‍ॅम्प्लिफायर. हेड युनिट, म्हणजे गाणी वाजवणारा मूळ प्लेअर, कंपनीचंच ठेवलं. स्पीकर निवडताना मी वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो, ते बघितलं: ३ डेसिबल जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते, आणि मोटारसायकलवर वीज मोजकीच.

पावसाळ्यात ताम्हिणीच्या फेऱ्या झाल्या आणि अ‍ॅम्प बासच्या प्रत्येक ठोक्याला बंद पडायला लागला. दुकानदार म्हणाला, "स्टेटर गेलाय साहेब, बदलावा लागेल." स्टेटर म्हणजे इंजिनवर वीज तयार करणारा भाग. एवढा मोठा खर्च नुसत्या अंदाजावर? मी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट, आवाज वाढवला तरी फारसा फरक नाही. अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मात्र तेव्हाच ११ च्या खाली. स्टेटर ठणठणीत होता, वीज वाटेतच मरत होती.

पॉवरची वायर सोडवून ब्लेडने खरवडली. आतून पांढरी! तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि बिलावर लिहिलंय 'प्युअर कॉपर'. याचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट. वर ओल लागली की कापलेल्या टोकाशी पांढरी पूड धरते, जोड कमकुवत होऊन तापतो. माझ्याकडचा लग (वायरच्या टोकाची धातूची जोडपट्टी) काळा पडला होता. सीटखाली, पेट्रोलच्या टाकीजवळ तापणारा जोड! याचा राग अजून गेलेला नाही.

आता टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर टाकली आहे, फ्यूज बॅटरीला लागून, अर्थ चेसिसला न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

त्यानंतर स्पीकरबद्दलचं मतच बदललं. ताशी ऐंशीच्या पुढे आवाज फाटतो म्हणून मी ते विकायला काढणार होतो. तेच स्पीकर सातारा रोडवर शंभरला भीमसेनजींचा अभंग शब्दन्‌शब्द ऐकवतात. बासची अपेक्षा ठेवू नका. वाऱ्याची घरघर खालच्या पट्टीतच असते, ती बास गिळते. फुलफेस हेल्मेट वरचे सूर कापतं. उरते ती मधली पट्टी, तिथे हे स्पीकर उत्तम. म्हणून सॅडलबॅगच्या (मागच्या बाजूच्या पेट्यांच्या) झाकणात आणखी दोन बसवायचा बेत मी रद्द केला.

दुकानाने बऱ्याच वादानंतर वायरचे पैसे परत दिले. मजुरीचे अजून बाकी आहेत, आणि ते मी मागतोच आहे.