लिव्हरच्या ऑपरेशनआधीचं पीव्हीई: डॉक्टर पाच स्टार, बिलिंग दोन

पुण्यातलं मोठं हॉस्पिटल आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. सासऱ्यांना आतड्याचा कॅन्सर, लिव्हरच्या उजव्या भागात गाठी, केमो झालेली. सर्जन म्हणाले उजवी बाजू पूर्ण काढावी लागेल, पण सीटीवर मोजलं तर डावीकडे उरणारं लिव्हर 22 टक्केच भरतंय, चांगल्या लिव्हरला 20 चालून जातात, केमो झालेल्याला 30 तरी लागतात आणि सिरोसिस (लिव्हर कडक होणं) असेल तर 40, म्हणून आधी पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन, म्हणजे पीव्हीई (लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेची एक फांदी बंद करणं) करून घ्या आणि मग महिनाभर थांबा. आत कॅन्सर असताना थांबायचं, हे घरात कोणाच्या पचनीच पडेना.

रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी मात्र कागदावर चित्र काढून नीट सांगितलं. लिव्हरला साधारण पाऊण भाग रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, तिची उजवी फांदी बंद केली की ते सगळं डावीकडे जातं आणि डावा भाग वाढायला लागतो. उजवा आक्रसतो पण मरत नाही, कारण आर्टरीचं रक्त चालू असतं. सासरे शेतकरी माणूस, ते म्हणाले म्हणजे पाणी एका सरीतनं दुसऱ्या सरीत वळवायचं की, झालं, त्यांना आमच्या आधी समजलं! आणि जपानचे सर्जन माकुउची यांनी 80 च्या दशकात सुरू केलेली पद्धत आहे, त्यामुळे आपल्यावर काही प्रयोग नाही एवढा धीर आला.

आम्ही नेटवर वाचून आल्प्स (ALPPS) नावाच्या दोन टप्प्यांतल्या ऑपरेशनचं पण विचारलं. ते 2012 ला जर्मनीतून पुढे आलं, पहिल्या ऑपरेशनमध्ये शीर बांधून लिव्हर मधोमध दुभागतात, आठ-दहा दिवसात वाढ होते आणि मग दुसरं ऑपरेशन. पण सुरुवातीला त्यात बरेच पेशंट गेले, सासऱ्यांचं वय बघता सर्जन सरळ नाही म्हणाले. पीव्हीईने भागलं नाही तर हेपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर) पण बंद करू म्हणाले, ही दोन्ही शिरा बंद करायची पद्धत फ्रान्समध्ये माँपेलिएच्या टीमने 2016 मध्ये मांडली, वाढ जास्त होते. आम्हाला गरज लागली नाही.

प्रत्यक्ष काम एकदम सफाईदार. पोटावर चीर नाही, सोनोग्राफीत बघत बरगड्यांमधून सुई, तेवढीच जागा बधिर आणि थोडं गुंगीचं इंजेक्शन. सासऱ्यांना "काका श्वास धरा, आता सोडा" एवढंच आठवतंय. नंतर आम्हाला स्क्रीनवर दाखवलं, आधी डाय दोन्हीकडच्या फांद्यांत आणि नंतर फक्त डावीकडे, उजवीकडे शीर बंद करणारा ग्लू बसलेला. ग्लू लिपिओडॉल नावाच्या एक्स-रेत दिसणाऱ्या तेलात मिसळतात आणि नळी डेक्स्ट्रोजने धुतात, कारण नॉर्मल सलाईन लागलं की तो नळीतच धरतो, हे तिथल्या टेक्निशियनने एवढ्या हौसेने सांगितलं की बिलाचं टेन्शन दोन मिनिटं विसरलो. रात्री थोडा ताप आणि उजवीकडे ठणका, पॅरासिटामॉलवर भागलं.

आता तक्रारी. एस्टिमेटमध्ये ग्लू आणि कॅथेटर धरलेलेच नव्हते, ते फायनल बिलात उगवले. इन्शुरन्सवाल्यांनी विचारलं की लिव्हर वाढवणं हा कॅन्सरचा उपचार कसा, आणि हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कवरचा (इन्शुरन्सचे क्लेम बघणारा) मुलगा ते उत्तर आमच्याकडेच मागतोय, अरे बाबा डॉक्टर तुमचे, पत्र तुम्ही घ्या ना! शेवटी सर्जनच्या सहीचं पत्र मीच नेऊन दिलं तेव्हा कॅशलेस झालं. डिस्चार्ज कार्डवर ताप आला तर कोणाला फोन करायचा ते नाही आणि मधल्या आठवड्यात हॉस्पिटलकडून एक फोन नाही. सीटीची तारीख तर परस्पर पुढे ढकलली, ती पण एसेमेसने.

सीटीत 33 टक्के आले, ऑपरेशन झालं, सासरे घरी आहेत आणि जेवणावरून सासूबाईंशी भांडतायत. कोणी जाणार असेल तर पीव्हीई, मधला सीटी आणि ऑपरेशन तिन्हीचं एस्टिमेट ॲडमिट व्हायच्या आधी एकाच कागदावर घ्या आणि सर्जनचं पत्र पहिल्याच दिवशी टीपीए डेस्कवर देऊन ठेवा.