कोंबडीखताचं तेल आणि माझे 9,92,500 रुपये

माझं पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड. बॅच उचलली की तुसाचं लिटर, म्हणजे कोंबड्यांखालचा तूस-विष्ठेचा थर, द्राक्षवाले खत म्हणून ट्रॉलीच्या भावाने नेतात. बरं चाललं होतं. मग 'लिटरपासून भट्टीतेल'वाला आला. मशीन घ्या, तेल 38 रुपये लिटरने आम्हीच उचलू, करार बाँडपेपरवर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पण मी अगदीच बावळट नाही हो. तंत्र खरं आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये कोंबड्यांच्या लिटरमधून वजनाच्या 30 ते 50 टक्के तेल काढलंय. मशीनवाल्याने क्लिपमध्ये तेच दाखवलं, मी नेटवर ताडून पाहिलं. संशोधन खरंच होतं. मशीन नव्हतं.

डेमोला आमच्याच शेडमधलं ओलसर लिटर वरून ओतलं आणि दहा मिनिटांत नळीतून पिवळंधमक तेल! बायकोने बोट बुडवून हुंगलं. म्हणाली, "अहो, याला आपल्या ट्रॅक्टरचा वास येतोय." मी चारचौघांत तिला गप्प बसवलं. तिथेच. तिथेच कळायला हवं होतं. खरं तेल काळपट, नाकात बसणाऱ्या करपट वासाचं. त्यात पाणी असतं, डिझेलशी ते नीट एकजीव होत नाही. त्याने डिझेलमध्ये मिसळून इंजिन चालवलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

बुकिंग 51,000. मग 5,39,000, त्यासाठी तिचेच दागिने गहाण. गाडी निघाली म्हणून 2,90,000. पत्रा आणि थ्री फेजला 1,12,500. बिल एका नावाचं, खातं दुसऱ्याच नावाचं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मी नंतर टाकला. रद्द.

आलं काय, तर लोखंडी ड्रम! खऱ्या तंत्रात लिटर झटपट तापवायचं असतं, म्हणजे हवा बंद, वाळवलेला बारीक भुगा 500 अंशांच्या आसपास तापलेल्या वाळूत, आणि वाफ एक-दोन सेकंदांत काढून गार करायची. आम्ही खाली लाकडं घालून साडेचार तास बसलो. कोळसा निघाला आणि सहा लिटर घाण पाणी. त्या वासाने शेजारी भांडायला आले, ते वेगळंच.

पोलीस ठाण्यात सात खेपा. "करार आहे ना? मग दिवाणी मॅटर." मी फसवणुकीचं कलम 420 म्हणालो तर हवालदार हसून म्हणाला, "नव्या कायद्यात आता 318 झालंय." आकडा सुधारला, तक्रार घेतली नाही! वर पाठवलं, वरून परत खाली. ग्राहक आयोगात जावं तर वकील म्हणतो, मशीन धंद्यासाठी घेतलंय, मग तुम्ही ग्राहक कसले, समोरचा तोच मुद्दा काढणार. साहेब रजेवर, साहेब बंदोबस्ताला, साहेबांची बदली. आता पोच घेतलेल्या अर्जांच्या प्रती जोडून थेट मॅजिस्ट्रेटकडे जातोय. पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

डेमोला लिटर स्वतः तोलून घाला, टाकी आधी रिकामी करून घ्या. तेलाची बाटली घरी आणून चार दिवस ठेवा. बायको काही म्हणाली तर ऐका.

परवा मेहुण्याचा फोन आला. त्यांच्या तालुक्यात तोच माणूस, तीच क्लिप. बुकिंग अजूनही 51,000च.