चौकशी दांडगी, शेरा मोघम

बँकेच्या कर्जखात्यात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे जाडजूड अहवाल हाती आला की मी तो मागून उघडतो. सह्या कुणाच्या आणि 'असहमत' कुणी लिहिलंय, ते आधी बघायचं. अमेरिकेतल्या २००८ च्या घरबाजाराच्या पडझडीवरचा, तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, नेमलेल्या आर्थिक संकट चौकशी आयोगाचा अहवालही तसाच उलटा वाचायला घेतला. जानेवारी २०११ मध्ये आलेला, इंटरनेटवर फुकट मिळतो. पानं पाचशेच्या वर, तेव्हा स्क्रीनवर डोळे फोडू नका. मी दोन भागांत स्पायरल करून घेतला.

सदस्य दहा. सहा डेमोक्रॅट पक्षाने नेमलेले, चार रिपब्लिकन पक्षाने. आणि निकाल? सहा विरुद्ध चार! तिथेच मी चष्मा काढून ठेवला. चौघांपैकी तिघांची एक वेगळी टिपणी, पीटर वॉलिसन यांची आणखी वेगळी. वॉलिसन यांच्या मते मूळ खोट सरकारच्या गृहधोरणातच. बहुमताने मात्र स्पष्ट लिहिलंय की हे संकट टाळता आलं असतं.

मधली प्रकरणं अव्वल. अर्जदार तोंडाने सांगेल तो पगार खरा धरून कर्जं दिली गेली, आणि धंद्यातले लोकच त्यांना 'लायर लोन', म्हणजे खोटारड्यांची कर्जं, म्हणायचे. आमच्याकडे पगाराचा दाखला नसेल तर फायलीची नाडीसुद्धा सुटायची नाही. पण तिथे कर्ज देणारा ते लगेच पुढे विकून मोकळा होणार. बुडालं तर डोकेदुखी दुसऱ्याची. मग छाननी करायची कुणासाठी?

रोखणारे नव्हते असंही नाही. जाचक गृहकर्जांवर नियम करायचा अधिकार तिथल्या मध्यवर्ती बँकेला, फेडरल रिझर्व्हला, १९९४ च्याच कायद्याने मिळाला होता. व्यापक नियम निघाले जुलै २००८ मध्ये. चौदा वर्षं! एवढ्या काळात आमच्याकडे एखादी टिपणी पडून राहिली असती तर टेबलावरच्या माणसाला निवृत्तीचे पैसेही सुखाने मिळाले नसते. २००४ मध्ये एफबीआयने गृहकर्जातल्या फसवणुकीचा इशारा दिला, तोही वाऱ्यावर. आणि एक आकडा मी दोनदा वाचला: १९९९ ते २००८ या काळात वित्तक्षेत्राने लॉबिंगवर, म्हणजे सोयीचे कायदे व्हावेत म्हणून सत्ताधाऱ्यांकडे केलेल्या खटपटीवर, दाखवलेला खर्च २७० कोटी डॉलर. निवडणुकीच्या देणग्या वेगळ्या, त्याही शंभर कोटींच्या वर.

एवढा पुरावा टेबलावर असताना लोकप्रतिनिधींची पाळी आली की लेखणी मऊ पडते. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेले करार, मोकळे सोडणारा २००० चा कायदा काँग्रेसने केला, सही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची. नियमनाचा लगाम सैल ठेवण्यात पुढे रिपब्लिकन बुश यांचं सरकारही मागे नव्हतं. दोन्ही पक्षांचे हात बरबटलेले, आणि आयोग त्याच दोन पक्षांनी नेमलेला. निष्कर्षात वाक्य येतं, दोष ताऱ्यांचा नाही, आपला आहे. मी समासात पेन्सिलने लिहिलं, 'आपला म्हणजे कुणाचा? पदनामासह लिहा.' ऑडिटमध्ये असा शेरा मी कधी स्वीकारला नसता.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो भाषेसाठी: मधल्या सिक्युरिटीच्या (कर्जांचे गठ्ठे करून विकलेल्या रोख्यांच्या) प्रकरणात संक्षेपांचा नुसता चिखल आहे. वाचणार असाल तर असहमतीच्या टिपण्या आधी वाचा. तिघांची वाचली तरी चालेल, वॉलिसन यांची मात्र चहा घेऊन बसा, लांबलचक आहे.